मेजर नव्हे, सुभेदार मेजर

गावंडे साहेबांना कुणी नुसतं 'मेजर' म्हटलं, की ते जिथं असतील तिथं थांबत. हातात दुधाची पिशवी असो, मागून रिक्षावाला भोंगा वाजवत असो, लिफ्टचं दार मिटत आलेलं असो. आधी चूक दुरुस्त व्हायची, मग पुढचं पाऊल पडायचं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमचं लोखंडी कपाट जिन्यात अडकलं होतं. कसबा पेठेतलं बिऱ्हाड हलवून आम्ही नुकतेच धायरीतल्या या सोसायटीत आलो होतो. कपाट लिफ्टमध्ये मावेना म्हणून हमालांनी ते जिन्यानं चढवायला घेतलं आणि वळणावर ते असं रुतलं, की वरही जाईना आणि खालीही येईना. आजूबाजूच्या दारांतून शेजारी बाहेर आले आणि सूचना द्यायला लागले. सूचना देण्यात आपलं शहर कुणाला हार जात नाही. तेवढ्यात वरून एक उंच, ताठ गृहस्थ उतरले. कडक इस्त्रीची पँट, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग माझ्याकडे.

"वरच्या गड्यानं बसायचं. खालच्यानं उचलायचं. अन् तुम्ही बाजूला व्हा, तुमच्यामुळं अडलं हाय."

मी बाजूला झालो आणि कपाट फिरलं. मी अगदी मनापासून म्हणालो, "फार उपकार झाले, मेजर साहेब." खाली गेटवर कुणीतरी 'वर मेजर राहतात' असं सांगितलं होतं, तेवढ्या भांडवलावर.

साहेब थांबले. "मेजर नाही. सुभेदार मेजर."

"हो हो, तेच ते."

"तेच ते कसं होईन, बाप्पा? तुमच्या हपिसात हेडक्लार्क अन् मॅनेजर तेच ते असते काय?"

खांद्यावर कपाट घेतलेला हमाल क्षीण आवाजात म्हणाला, "साहेब, वजन…"

"धरा जरा," गावंडे साहेब म्हणाले. "यांचं क्लियर होऊ द्या."

आणि जिन्यात, हमालांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या असताना, मला भारतीय सैन्यातल्या हुद्द्यांचा पहिला पाठ मिळाला. मेजर हा ऑफिसर. सुभेदार मेजर हा जेसीओ, शिपायापासून वर चढलेला. दोघांच्याही खांद्यावर तेच तीन सिंह, पण सुभेदार मेजरच्या सिंहाखाली एक फीत असते. "लोकाईले सिंह दिसते, फीत दिसत नाही," ते म्हणाले. "सिंह सरकारनं देल्ला. फीत मी कमावली."

आमच्या घराण्यात मागच्या कितीतरी पिढ्यांत कुणी लढाईवर गेलेलं नाही. जी काही युद्धं झाली ती घरबसल्या झाली आणि शेजाऱ्यांशी झाली. त्यामुळे फौजेत एक हुकूम देणारे साहेब आणि दुसरे तो पाळणारे जवान, एवढंच मला ठाऊक होतं. मध्ये आणखी एक जात असते, आणि सगळं गाडं तिच्यावर चालतं, हे मला गावंडे साहेबांनी शिकवलं. ते अकोल्याकडच्या एका खेड्यातून साधे शिपाई म्हणून पायदळात भरती झाले होते आणि एकेक पायरी चढत पलटणीचे सुभेदार मेजर होऊन निवृत्त झाले होते. इतकी वर्षं देशभर हिंडूनही त्यांची वऱ्हाडी बोली जशीच्या तशी होती. पुण्यात आल्यावर मात्र तिच्यात एक 'आपण' शिरला होता, तोही फक्त फडकेकाकूंशी बोलताना.

फडकेकाकू म्हणजे आमच्या तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. सकाळी फिरून आल्यावर आम्ही काही जण खालच्या बाकांवर बसत असू. एकदा काकूंनीच विषय काढला. "अहो, पण हे जेसीओ म्हणजे नक्की काय हो? तुम्ही ऑफिसर नाही, जवान नाही. मग आहात तरी कोण आपण?"

दुसरा कुणी असता तर दुखावला असता. गावंडे साहेब खुलले. "ताई, आपल्या घरात मालक कोण?"

"हे." काकूंनी मागे गॅलरीकडे मान उडवली. तिथे फडकेकाका वर्तमानपत्रामागे होते.

"ते काय करतात?"

"हुकूम सोडतात. 'यंदा दिवाळीला सगळ्यांनी पहाटे उठायचं.'"

"मग पोट्टे उठतात?"

"कसले उठतात! मीच एकेकाच्या उशाशी जाते. एकाला दटावते, एकाला चकलीची लालूच दाखवते. मग सगळे उठले की हे म्हणतात, बघ, शिस्त लागली घराला."

"झालं मग," गावंडे साहेब मांडीवर थाप मारत म्हणाले. "फडके साहेब ऑफिसर. पोट्टे जवान. अन् आपण जेसीओ."

त्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका एकमेकींना सुभेदार म्हणू लागल्या. माझी बायको वैशाली अजूनही, मी काही फर्मावलं की, "जी साहेब" म्हणते आणि तिला हवं तेच करते.

साहेबांच्या गोष्टींत शौर्य फारसं नसे. छातीवर पदकं होती, पण ती कशाबद्दल विचारलं तर "नोकरी केली म्हणून" एवढंच उत्तर यायचं. रंगून सांगायचे ते माणसांबद्दल. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, जेवण कसं असतं, जेसीओंच्या मेसमध्ये कसं ("भाजी तेच असते, फक्त टेबलावर चादर येते"), आणि ऑफिसर्स मेसमध्ये कसं ("काटे-चमचे जास्त, जेवण कमी"). सगळ्यात जास्त माया नव्या लेफ्टनंटांवर. "मिसरूड न फुटलेलं पोट्टं येते अकादमीतून. ते आपलं साहेब. त्याले आपण सलाम मारायचा, अन् सलाम घ्यायचा कसा तेही आपणच शिकवायचं. तेही आपल्याले साहेबच म्हणते. आमच्यात लहान-मोठं असं सोपं नसते."

एका अशाच कोवळ्या लेफ्टनंटाबरोबर ते वाळवंटात सरावाला गेले होते. लेफ्टनंटानं नकाशा उघडला आणि सगळी तुकडी भलत्याच दिशेला चालायला लागली. जवान एकमेकांकडे पाहू लागले. मी विचारलं, "मग तुम्ही सांगितलंत ना त्याला, की चुकतोय म्हणून?"

"जवानांसमोर? काहून?" साहेबांना धक्काच बसला. "त्याची इज्जत गेली तर उद्या गोळीखाली त्याचा हुकूम कोण मानीन? म्या म्हटलं, साहेब, पोट्टे थकले, चहा पिऊन घेऊ. मग त्याच्या बाजूले जाऊन बसलो. म्हटलं, साहेब, तुमचा नकाशा बरोबरच हाय, पण ही टेकडी कोणीतरी चुकीच्या जागी ठेवून देल्ली. त्यानं एक घोट घेतला, नकाशाकडे पाह्यलं, टेकडीकडे पाह्यलं, अन् हळूच नकाशा सुलटा केला."

"मग?"

"मग काय. उठला अन् कडक आवाजात म्हणते, 'तुकडी पीछे मुड़!' आम्ही मुडलो."

तो लेफ्टनंट आता बराच मोठा अधिकारी झाला आहे. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा आणि गावंडे साहेब तो उभं राहून घ्यायचे.

अशात आमच्या सोसायटीत कर्नल मुजुमदार राहायला आले. तेही निवृत्त, पण तोफखान्यातले. गोरेपान, पिळदार, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं तर वरच्या मजल्यावरचं पोर जागं व्हावं. आम्हाला वाटलं, हुद्द्याचा आवाज असतो. दोन फौजी एका इमारतीत, आता यांचं कसं जमणार, यावर बाकांवर चर्चा रंगली. गावंडे साहेब कुणाचं ऐकून घेणारे नव्हते आणि कर्नल कुणाला ऐकवल्याशिवाय राहणारे नव्हते. प्रत्यक्षात पहिल्याच भेटीत गावंडे साहेब टाचा जुळवून म्हणाले, "राम राम, साहेब!" आणि कर्नल म्हणाले, "राम राम, साहेब! कैसे हैं?" दोघेही एकमेकांना साहेबच म्हणतात हे पाहून वैशालीला हसू आवरेना. "म्हणजे यांच्यात नोकर कोणीच नाही का?" ती म्हणाली.

सभा झाली आणि कर्नल बिनविरोध अध्यक्ष झाले. बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. मी सेक्रेटरी होतोच, त्याच कारणानं. कर्नलांनी पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदेश काढला: बिल्डरनं इमारतीमागे टाकलेला राडारोडा हलवून तिथे झाडं लावायची आहेत, सर्व रहिवाशांनी रविवारी सकाळी ठीक सहा वाजता हजर राहावे.

रविवारी. सकाळी सहा. पुण्यात. ग्रुपवर उत्तरं आली ती जपून ठेवण्यासारखी होती. "हजर म्हणजे ऑनलाइन चालेल का?" "सहा म्हणजे संध्याकाळचे असावेत, टायपिंगची चूक दिसते." फडकेकाकांनी लिहिलं, "आमच्या घरी असे आदेश मी काढतो."

रविवारी सहाला मागच्या अंगणात दोनच माणसं होती. फावडं घेतलेले कर्नल आणि कुदळ घेतलेले गावंडे साहेब. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहत होतो. कर्नलांचा चेहरा उतरला होता. गावंडे साहेब त्यांना म्हणाले, "साहेब, जमीन लई टणक हाय. पाणी मारून ठेवतो. तुम्ही नऊला या."

कर्नल वर गेले आणि गावंडे साहेब दारोदार निघाले. फडकेकाकूंना म्हणाले, "ताई, कर्नल साहेबांचं म्हणणं हाय की झाडाचं आपल्याइतकं इथं कोणाले कळत नाही." वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या आयटीवाल्या मुलांना म्हणाले, "तुम्ही जिममध्ये लोखंड उचलता ना? खाली फुकट दगड हायेत, अन् वर पोहे भेटन." माझ्या दारात आले तेव्हा मी पाठदुखीची तयारी करून ठेवली होती. ते म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, तुम्हाले काही उचलाचं नाही. फक्त उभं राहा. सेक्रेटरी दिसला की लोकाईले वाटते काम खरं हाय." उभं राहायला काय जातंय म्हणून मी गेलो, आणि कसं कोण जाणे, थोड्या वेळानं माझ्या हातात घमेलं होतं.

नऊला कर्नल खाली उतरले तेव्हा निम्म्याहून अधिक सोसायटी घामाघूम झाली होती. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि समाधानानं गर्जना केली, "पाहिलंत साहेब? डिसिप्लिन!"

"जी साहेब," गावंडे साहेब म्हणाले, आणि घमेलं पुढच्या हातात दिलं.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. एक प्रसंग असा आला, की त्यात एका माणसाची भाकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागली.

आमच्या गेटवर जगदाळे म्हणून वॉचमन होते. तेही फौजेतलेच, हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गाव सासवडकडचं. कमी बोलणारा, नेटका माणूस. एका संध्याकाळी कर्नलांची गाडी गेटबाहेर येऊन थांबली आणि त्यांनी हॉर्न दिला. जगदाळे खुर्चीवर पाठमोरे, उजवा कान तळहातावर टेकवून बसलेले. कर्नलांनी पुन्हा हॉर्न दिला. मग हात हॉर्नवरच ठेवला. गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली, कुत्री भुंकायला लागली, जगदाळे ढिम्म. शेवटी कर्नल उतरून आत आले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. जगदाळे दचकून उठले.

"ड्यूटीवर झोपता?" कर्नल कडाडले. "फौजी म्हणवता स्वतःला?"

जगदाळे ताठ उभे राहिले. "चूक झाली, साब."

"सेक्रेटरी, एजन्सीला कळवा. उद्यापासून दुसरा माणूस पाहिजे."

सगळ्या सोसायटीसमोर झालेला हुकूम. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना ते पटलंही होतं. झोपणारा वॉचमन काय कामाचा? गावंडे साहेबही तिथे उभे होते. मला वाटलं, ते मध्ये पडतील. ते पडले नाहीत. उलट जगदाळेंनाच असे झापले, की ऐकणाऱ्याचा थरकाप व्हावा. मग त्यांना बाजूला घेऊन गेले. बराच वेळ ते दोघं पार्किंगच्या कोपऱ्यात बोलत होते. मग साहेब माझ्याकडे आले.

"सेक्रेटरी साहेब, एजन्सीले फोन करू नका अजून. उद्या सकाळी जगदाळेची पेशी लावतो कर्नल साहेबांपुढं. तुम्हीही या."

"पेशी म्हणजे?"

"हवालदाराले अशीच शिक्षा देता येत नाही, बाप्पा. कमांडिंग ऑफिसरसमोर उभं करा लागते, त्याचं ऐकून घ्या लागते. त्याले उभं करतो तो सुभेदार मेजर. हे माझं काम हाय."

"अहो, पण ही सोसायटी आहे."

"माणूस तर फौजी हाय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलांच्या दिवाणखान्यात मी जे पाहिलं, ते कुणाला सांगितलं तर पटत नाही. कर्नल ब्लेझर घालून डायनिंग टेबलामागे बसले होते. गावंडे साहेबांनी तसा निरोप पाठवला होता, आणि त्यात कर्नलांना काहीही विचित्र वाटलं नव्हतं. मिसेस मुजुमदार चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकलेल्या. तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमधून आवाज आला, "तेज चल! बाएँ, दाहिने, बाएँ!" आणि जगदाळे बूट काढून, मोज्यांवर, सोफा आणि शोकेसच्या मधून पावलं आपटत आत आले. "थम!" शोकेसमधली काचेची बदकं थरथरली. "टोपी उतार!" जगदाळेंनी टोपी काढली.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. मला हसू यायला हवं होतं. पण त्या तिघांचे चेहरे असे होते, की मी नकळत उठून उभा राहिलो.

"ड्यूटीवर झोपल्याचा आरोप आहे," कर्नल म्हणाले. "काही सांगायचंय?"

"नाही, साब. झोपलो हुतो. शिक्षा मान्य आहे."

कर्नलांनी गावंडे साहेबांकडे पाहिलं. "साहेब?"

"साहेब, दोन मिनिटं एकांतात बोलायची परवानगी पाहिजे."

मग मला आणि जगदाळेंना गॅलरीत पाठवण्यात आलं. जगदाळे कुंड्यांकडे पाहत उभे होते. मी हळूच म्हणालो, "जगदाळे, झोप लागते कधी कधी. त्यात काय एवढं." त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. मला वाटलं, रागावलेत.

आत गावंडे साहेब काहीतरी हलक्या आवाजात सांगत होते. ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. पण कर्नलांना हलक्या आवाजात बोलताच येत नसे, त्यामुळे अर्धं संभाषण आम्हाला, आणि बहुधा समोरच्या इमारतीलाही, स्वच्छ ऐकू आलं.

"काय? ऐकू येत नाही? …कुठला कान? …मग तसं सांगितलं का नाही त्यानं? …हां, हां. बहिरा वॉचमन कोण ठेवणार, बरोबर आहे. …म्हणजे झोपलो म्हटलं तर माफी मिळेल, बहिरा म्हटलं तर नोकरी जाईल, असं? …कुठल्या युनिटला होता? …तोफखाना?" मग एकदम केवढ्यानं तरी, "अहो, मग आधी नाही का सांगायचं! माझाही डावाच आहे!"

स्वयंपाकघरातून मिसेस मुजुमदारांचा आवाज आला. "अहो, हळू बोला. इतकी वर्षं मी सांगतेय की यंत्र लावा, तर म्हणे मला सगळं ऐकू येतं."

जगदाळेंचे कान तांबडे झाले होते. हे सगळं त्यांना ऐकू गेलं होतं; उजवा कान दाराकडे होता. ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलले. "तोफा लई वर्षं चालवल्या, साहेब. एका बाजूचं समदं बंद झालं. घरी बी सांगितलं न्हाई. फकस्त सुभेदार साहेबांनी वळखलं. ते कवा बी आले की माझ्या उजव्या अंगालाच हुभं राहायचे."

आम्हाला परत आत बोलावण्यात आलं. जगदाळे पुन्हा सावधान झाले. कर्नल उठून टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी निकाल दिला, नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात. "हवालदार जगदाळे, कडक ताकीद देण्यात येते. खुर्ची गेटच्या दुसऱ्या बाजूला ठेवायची, उजवा कान रस्त्याकडे. मी यापुढे हॉर्न वाजवणार नाही, दिवे लावीन. आणि सोमवारी मिलिटरी हॉस्पिटलला कान तपासायला जायचं."

"जी साब."

"एकटे नाही. माझ्या गाडीतून. मलाही जायचंय." हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हटलं.

जिना उतरताना मी गावंडे साहेबांना विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं, तर काल सगळ्यांसमोरच का नाही सांगितलंत?"

"कोणाची इज्जत घालवून सांगू? कर्नल साहेबांनी सगळ्याइच्या पुढं हुकूम देल्ला होता, तो चुकीचा हाय असं म्या तिथंच म्हणाचं? का जगदाळेले चार बायकांसमोर बहिरा म्हणाचं?" ते एक पायरी थांबले. "खालच्याचं दुखणं वरच्याले सांगाचं, अन् वरच्याचा राग खालच्यापर्यंत जाता जाता थंड करून पोचवाचा. एवढंच तर काम असते."

काही दिवसांनी कर्नल आणि जगदाळे दोघंही कानामागे एकसारखी यंत्रं लावून गेटपाशी उभे दिसले. दोघं एकमेकांच्या यंत्रांच्या बॅटऱ्यांबद्दल बोलत होते. हुद्द्याचा प्रश्नच नव्हता. लिफ्टमधलं "गुड मॉर्निंग" माणसांत आलं. वरच्या मजल्यावरचं पोर आता उशिरा उठतं.

मागच्या हिवाळ्यात गावंडे साहेबांनी सांगितलं, की ते अकोल्याला परत जाणार. त्यांची मुलगी तिथे शाळेत शिकवते. तिला दुसरं बाळ झालं होतं आणि घरात मदतीला कुणी नव्हतं. "बदलीचा हुकूम आला," ते म्हणाले. मी विचारलं, "कुणाचा?" तर त्यांनी मान मागे झुकवली. मागे त्यांच्या पत्नी कमलताई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करताच म्हणाल्या, "अन् अपील चालत नाही म्हणा."

निरोपाचं काय करायचं यावर सभा भरली. शाल-नारळ ठरतच होतं, तेवढ्यात कर्नल उठले. फौजेत मोठा माणूस पलटण सोडून जातो तेव्हा त्याची गाडी इंजिनावर जात नाही, ते म्हणाले. त्याची माणसं दोर बांधून ती गेटबाहेर ओढत नेतात. जगदाळे दारात उभे होते, त्यांनी नुसती मान हलवली. फडकेकाकूंनी विचारलं, "दोर कुठून आणायचा?" त्यावर आयटीवाल्या पोरांपैकी एक म्हणाला, गणपतीच्या रथाचा आहे की स्टोअररूममध्ये.

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि मुलीनं पाठवलेली भाड्याची गाडी गेटच्या आत उभी राहिली. साहेब खाली आले तर गाडीच्या पुढे जाडजूड दोर बांधलेला, आणि दोन्ही बाजूंना सगळी सोसायटी. कर्नल सगळ्यात पुढे, त्यांच्या शेजारी जगदाळे, मग मी, पोरं, काका-काकू. गावंडे साहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी दोराच्या गाठीला हात लावून ती घट्ट आहे का ते पाहिलं.

"बसा, साहेब," कर्नल म्हणाले.

ते पुढच्या सीटवर बसले. कमलताई मागे. ड्रायव्हरनं गिअर मोकळा केला आणि आम्ही ओढायला लागलो.

ओढायला लागलो म्हणजे प्रत्येकजण आपापल्या मतानं ओढायला लागला. डावीकडचे जोरात, उजवीकडचे फोटो काढत. गाडी तिरकी व्हायला लागली. आमच्या गेटपाशी रस्त्याला चढ आहे, तिथे ती अडली आणि मागे सरकायला लागली. फडकेकाका "जोर लगा के" म्हणत होते, पण स्वतः दोर सोडून. दार उघडल्याचा आवाज आला.

"असं ओढते काय कोणी!" गावंडे साहेब खाली उतरले होते. "उंच माणसं मागं. पोट्टेहो, मोबाईल खिशात. ताई, आपण मधून बाजूला व्हा, साडी अडकन. पाय एकसंग पडले पाहिजे. डावा पाय पुढं!"

"साहेब, आत बसा!" कर्नल ओरडले. "हा माझा हुकूम आहे!"

आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गावंडे साहेबांनी ऑफिसरचा हुकूम ऐकला नाही. त्यांनी सगळ्यांना रांगेत लावलं आणि मग, चढ मोठा होता म्हणून असेल किंवा त्यांना राहवलंच नाही म्हणून, कर्नल आणि जगदाळे यांच्या मधोमध जाऊन स्वतःच दोर धरला. "बाएँ, दाहिने, बाएँ!" गाडी हलली. आमची पावलं एकत्र पडत होती आणि मी खरंच सांगतो, तेवढ्या वेळापुरता मला आपण सैन्यात असल्यासारखं वाटलं. गाडीत ड्रायव्हर सोडला तर कमलताई एकट्याच होत्या. त्या ताठ बसून, दोन्ही बाजूंच्या लोकांना हात जोडत, संथपणे गेटबाहेर गेल्या.

रस्त्यावर आल्यावर गाडी थांबली. कुणालाच पुढे काय करायचं सुचेना. कर्नलांनी चष्मा काढून पुसला. जगदाळे दुसरीकडे पाहत होते. शेवटी कमलताईंनी काच खाली केली.

"अहो, आता तरी बसता काय? का अकोल्यापर्यंत ओढत नेता?"

सगळे हसले. साहेब हसले आणि चटकन आत बसले. दार लागलं, इंजिन सुरू झालं, आणि गाडी सिंहगड रस्त्याच्या गर्दीत मिसळून दिसेनाशी झाली.

आम्ही दोर धरून, त्यांनी लावलेल्या रांगेत तसेच उभे होतो. उंच माणसं मागे, मोबाईल खिशात. घरी जायला हरकत नव्हती, पण हुकूम झाला नव्हता म्हणून की काय, कुणी हलत नव्हतं. मागून एक रिक्षावाला काही वेळ पाहत राहिला, त्यानं भोंगाही वाजवला नाही. बऱ्याच वेळानं जगदाळे कर्नलांच्या उजव्या बाजूला गेले आणि हळूच म्हणाले, "साब, लाइन तोडायला सांगायचं का?"